ओल्या फडक्यातला हार

धानाला पाणी लागलं आणि वरून ऊब मिळाली की त्याला कोंब फुटतो, हे झाडीपट्टीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. म्हणजे शेतातलं कळत होतं, डब्यातलं कळलं नाही. दरवर्षी मृगाच्या सुमाराला आमचा काका बी-धान भिजवायचा, गोणपाटात बांधायचा, वर तणीस दडपायचा आणि पांढरे कोंब निघाले की बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, नेऊन फेकायचा. ते गोणपाट उघडताना वर येणारा आंबूस, गरम वास मला इतका आवडायचा की मी त्यात तोंड खुपसून उभी राहायची आणि काकाकडून रपाटा खायची. एवढं सगळं नाकाने, डोळ्याने आणि पाठीने शिकलेली मुलगी मी. पण त्याच धानाचा मी हार केला, आणि हार झाला म्हटल्यावर ते धान आहे हेच विसरून गेले. ओल्या फडक्यात गुंडाळून, बिस्किटाच्या डब्यात घालून, डबा चुलीमागच्या उबेला ठेवून दिला. अक्कल त्या वेळी कुठे ठेवली होती, ते अजून सापडलेलं नाही.

आमचं गाव वडशाच्या अलीकडे, घरामागे बोडी. बोडी म्हणजे लहान तलाव, पण आमच्यासाठी तो समुद्रच. बा त्यात जाळं टाकायचा, दुसऱ्यांच्या बांधीत मजुरीला जायचा, आणि घर खऱ्या अर्थाने चालायचं ते मायच्या सुईवर. वडशाच्या एका शिंप्याकडून ती कापडाचे उरलेले तुकडे आणायची. कुठे बाहीएवढा, कुठे तळहाताएवढा. ते ती ओसरीवर पसरायची आणि बराच वेळ नुसती बघत बसायची, जसा बा पाण्याकडे बघायचा. मग एकाएकी हात चालायला लागायचे. त्यातून झंपर निघायचे, लहान पोरींचे परकर निघायचे, पोरांची झबली निघायची. एका बाहीला फूल आणि दुसऱ्या बाहीला पट्टा अशी तऱ्हा असायची, पण माय ती इतक्या ठसक्यात दाखवायची की घेणारीला वाटायचं, हीच नवी फॅशन. "मुंबईले अशेच चालते बाई," असं ती बेधडक सांगायची. ती चांद्याच्या पलीकडे कधी गेली नव्हती.

आणि दागिने. मायची माय छत्तीसगडाकडची. तिच्याकडून धानाचे दागिने बनवण्याची कला मायच्या हातात आली होती. तीन-तीन दाणे जुळवून दोऱ्याने बांधायचे, की त्याचं फूल होतं. अशी फुलं बांबूच्या बारीक काडीवर ओळीने बसवायची. मधे लाल दोरा गुंडाळायचा, तोही विकतचा नाही, जुन्या लुगड्याचा काठ उसवून काढलेला. झुमके, बिंदी, बाजूबंद, हार. धानाचा रंगच मुळी सोन्याचा, त्याला वेगळा मुलामा कशाला? दिवाळी झाली, हलका धान निघाला की गावोगाव मंडई भरायच्या. दिवसा बाजार, दंडारीचं नाचगाणं, रात्री नाटक, आणि गावातल्या प्रत्येक घरी पाहुण्यांचा पूर. माय टोपल्यात दागिने आणि झंपर घेऊन या मंडईतून त्या मंडईत फिरायची. सोनं परवडत नाही अशा बाया तिच्याभोवती गोळा व्हायच्या. म्हणजे सगळ्याच.

आम्ही दोघी बहिणी. मोठी कौसल्या, तिला मी बाई म्हणायची. आमच्याकडे मोठ्या बहिणीला असंच म्हणतात. बाईचा हात मायपेक्षा बारीक होता. शिवताना ती सगळ्या टाचण्या ओठात धरायची, त्यामुळे तिला हसू आलं तरी आवाज करता यायचा नाही, फक्त खांदे हलायचे. दोरा दाताने तोडून तोडून तिच्या पुढच्या दाताला बारीकशी खाच पडली होती. मी बाजूला बसून काय करायची? करायची काय, मिरवायची. तयार झालेले सगळे दागिने एकदम अंगावर चढवून बोडीवर जायची आणि पाण्यात वाकून स्वतःला बघायची. एकदा इतकी वाकले की दागिन्यांसकट आत. बाने जाळ्यातल्या माशासारखी काखोटीला मारून घरी आणली. मायने मारलं नाही. ओले दागिने बघून तिने फक्त कपाळाला हात लावला. बाईचे खांदे मात्र दिवसभर हलत होते.

आता नात पूर्वा चंद्रपूरच्या आमच्या दोन खोल्यांत हेच करते. कानातले, गळ्यातले, कापडी पिशव्या. फोनवर फोटो टाकते आणि कुठल्या कुठल्या शहरातून मागणी येते. धानाच्या झुमक्यांना तर फार. पण ती प्रत्येक दाण्यावर बिनरंगाचं नेलपॉलिश फिरवते. मी विचारलं, हे कशाला गं? म्हणाली, "आजी, टिकतं. कीड लागत नाही, काही होत नाही." मी म्हटलं, बरोबर आहे, काही होत नाही तेच बरं. ती पोरगी माझ्याकडे बघत राहिली. तिला काय सांगणार, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तर आमच्या गावची मंडई जवळ आली होती. मंडई म्हणजे नुसतं नाटक नव्हे. पाहुणे येतात, कोणाची पोरगी उजवायची आहे ते बघतात, आणि चार सोयरिकी मंडईतच जुळतात. त्या वर्षी पोंभुर्ण्याकडचे पाहुणे आमच्या काकाकडे उतरणार होते आणि दुपारी बाईला बघायला आमच्याकडे येणार होते. पोरगा शांत, घरची शेती, घरात सगळा कारभार त्याच्या आईच्या हाती. म्हातारीबद्दल एवढंच कळलं होतं की ती बोलते कमी आणि बघते जास्त. बा एकदाच बोलला, "हे जुळलं तं पोरगी शेतावर राबंल, पण आपल्या शेतावर राबंल." आम्हाला शेत नव्हतं, त्यामुळे बाच्या तोंडात त्या 'आपल्या' शब्दाला काय चव होती, ते मला पुढे कळलं. माय तर त्या दिवसांत झोपेतही शिवत होती. बाईसाठी तिने पोपटी रंगाचं झंपर केलं, पहिल्यांदाच अख्ख्या कापडाचं.

आणि मी हट्ट धरला. बाईचा हार मी करणार.

"तू?" माय म्हणाली. "तुह्या हारातले दाणे तं बाजारात पोचेपर्यंत गळून जातात."

हे खरं होतं. आदल्या वर्षी माझ्या हातचा एक हार विकला गेला आणि थोड्याच वेळात घेणारी परत आली. हार हातात, दाणे ओटीत. वाळून तडकले होते. मायला त्या गिऱ्हाइकाला दुसरा हार फुकट द्यावा लागला आणि मला सगळ्या मंडईने पाहिलं. ती बोच माझ्या मनात होती. त्यामुळे मी रडले, जेवणावरून उठले, लाखोरीच्या वरणात भात कालवून तसाच ठेवला. शेवटी बाईच म्हणाली, "करू दे ना माय. माह्याच गळ्यात जाइन ना थे, दुसऱ्याच्या नाई ना."

मी हार केला. आज माझ्याच तोंडाने सांगते, चांगला झाला होता. नवा धान मायने विकायच्या दागिन्यांसाठी मोजून ठेवला होता, म्हणून मी धान साठवायच्या ढोलीच्या तळातलं जुनं बी-धान काढलं. एकेक दाणा निवडला, फुलं बांधली, मधोमध पानाच्या आकाराचं पदक केलं. माय बांधायच्या आधी धान जरा ओलसर फडक्यात ठेवायची, म्हणजे सुई लागताना दाणा चिरत नाही. मग हार झाला की सावलीत खडखडीत वाळवायची. मी अर्धंच शिकले होते. मला वाटलं, ओलाव्याने दाणा तडकत नाही ना? मग हार मंडईपर्यंत ओलाच ठेवावा. आणि थंडीने आखडू नये म्हणून चुलीमागे ठेवावा. एवढंच नाही, मी रोज सगळे झोपले की गुपचूप फडक्यावर पाण्याचा हबका मारायची. देवाला फूल वाहावं तशी. माझ्या या हुशारीची मला इतकी खात्री होती की डबा उघडून बघायचीही गरज वाटली नाही.

मंडईच्या दिवशी मी उशिरा उठले. घरात तळलेल्या झिंग्यांचा वास भरला होता, बाहेर कुठेतरी ढोलकी लावून बघत होते. बाई केव्हाच तयार झाली होती. पोपटी झंपर, मायचं एकुलतं एक बरं लुगडं, आणि पदर गळ्याभोवती नीट लपेटलेला. मी धावत गेले.

"बाई, हार घातला?"

"घातला."

"दाखव ना."

"मंग दाखवीन. आता पाहुणे येऊन राह्यले, तोंड धू अगोदर."

पाहुणे आले. आमच्याकडे मुलगी बघायला आले की घरातलं सगळं तिच्याच हातचं होऊन जातं. झिंगे बाईने तळले होते, लोणचं बाईने घातलं होतं, चटई बाईने विणली होती. ते लोणचं काकूकडून मागून आणलं होतं आणि चटई बाजारातली होती. म्हातारी सगळं ऐकून नुसतं "हं" म्हणत होती. मग बाई पाया पडायला वाकली आणि पदर सुटला.

हाराला कोंब फुटले होते. एखाददुसरा नाही, पानभर. पांढरे, ओले, बारीक कोंब पदकातून लोंबत होते आणि खाली मुळांची दाढी आली होती. बाईच्या गळ्यात जणू बांधीच उगवली होती. माय जिथे होती तिथे खाली बसली. बा बाहेर बोडीकडे बघायला लागला. मला वाटलं, आता जमीन फाटावी आणि मी त्यात जावं, आणि जाताना डबाही घेऊन जावा.

म्हातारीने हात पुढे केला आणि ते पदक बोटांत धरलं. बराच वेळ बघितलं. वास घेतला.

"कोणं बनवलं हे?"

माय सवयीने बोलून गेली. जे लोणच्याबद्दल, तेच हाराबद्दल. "कौशीनंच जी. सारं थेच करते."

म्हातारी हसली. तिचे मोजके दात मी तेव्हा पाहिले. पोराकडे वळून म्हणाली, "पाह्य रे. जिच्या हातचं धान गळ्यात उगवते, तिच्या पोटाले काय कमी पडन?"

सोयरीक तिथेच पक्की झाली. त्या रात्रीचं नाटक मी पाहिलं नाही, कारण मी स्वतःच्याच नाटकात होते. दिसेल त्या पोरीला सांगत सुटले होते, माझ्या बहिणीचं लग्न मी जुळवलं. हार मी केला होता हे मात्र मायने दम देऊन ठेवल्यामुळे सांगता येत नव्हतं, त्याचा मला भारी राग होता. बघा तरी, राग कशाचा येतो माणसाला! श्रेयाचा.

बाई सासरी गेली. घरात टाचण्या पडून राहायला लागल्या, कारण आता त्या ओठात धरणारं कोणी नव्हतं. मायचं शिवण बिघडलं नाही, पण ती शिवताना बोलेनाशी झाली. संध्याकाळी चूल पेटली की ती चार जणांचा भात टाकायची आणि मग उरलेल्याची आंबील करायची. बा ती आंबील न कुरकुरता प्यायचा. पहिल्या वर्षी पोंभुर्ण्याहून निरोप यायचे ते हाराचे. म्हातारीने तो हार ढोलीवर टांगला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, माझ्या सुनेच्या हातचं धान उगवतं म्हणून. कोणाच्या बांधीत पेरणी असली की पहिली मूठ टाकायला बाईला बोलावणं यायचं. आम्ही हे ऐकून सुखावायचो. मी तर सगळ्यांत जास्त.

नंतर निरोप कमी झाले. नंतर नुसतं "बरी हाय" असं यायला लागलं. बाईला मूल होत नव्हतं. दुसऱ्या घरातल्या सुनेला मूल झालं नाही तर लोक वाट बघतात, देवधर्म करतात, औषध करतात. पण बाईच्या बाबतीत म्हातारीला वाटलं, आपल्याला फसवलं. तिला तर गळ्यात पुरावा दाखवला होता ना! ढोलीवरचा हार वाळून काळपट झाला होता, पण तिने तो काढला नाही. बाईने भाताचं माप घ्यायला हात घातला की वर तो हार. काकाचा एक पाहुणा तिकडून आला होता, त्याने सांगितलं की म्हातारी आता बाईला हाक मारत नाही, "कोंबवाली" म्हणते. आणि पेरणीच्या पहिल्या मुठीला तिला कोणी बोलावत नाही. उलट त्या दिवशी तिला घरात बसायला सांगतात. मायने ते ऐकलं आणि हातातलं झबलं उलट्या बाजूने शिवलं. मी त्या रात्री जेवले. हेही लिहून ठेवते. भूक लागली होती, जेवले. मला अजूनही माझ्या डब्याची आणि तिच्या पोटाची गाठ घालता येत नव्हती, किंवा घालायची नव्हती.

एका दुपारी बाईचा नवरा तिला घेऊन आला. फाट्यावर बसमधून उतरून ट्रंक त्याने स्वतःच्या डोक्यावर आणली होती. ओसरीवर ठेवली. मायने पाण्याचा गडवा पुढे केला तर त्याने तो हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि न पिता खाली ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर पाणी पिऊन गेला असता. जाताना म्हणाला, "मायनं दुसरी पाह्यली हाय. मी काय बोलू?" बा म्हणाला, "काई नको बोलू, जा. बस जाईन." तो गेला आणि मग ट्रंकेशेजारी एक फडक्याची गाठोडी दिसली. म्हातारीने वेगळी बांधून पाठवली होती. आत तो हार. कोंब वाळून दोऱ्यासारखे झाले होते, पदक तुटलं होतं. मायने तो अंगणात भिरकावला. कोंबड्या धावून आल्या. त्यांना काय, धान ते धान. दाणे टिपून झाल्यावर बांबूच्या काड्या आणि लाल दोरा तेवढा मातीत राहिला. बाई दारात उभी राहून बघत होती. तिने तो दोरा उचलला, झटकला आणि रिळाला गुंडाळून ठेवला. लुगड्याच्या काठाचा दोरा, वाया कसा घालवायचा?

ती पुन्हा ओसरीवर बसली. टाचण्या पुन्हा ओठात गेल्या. तिच्या हातात एक फरक पडला होता. ती धान बांधायच्या आधी एकेक दाणा दाताखाली दाबून बघायची, पुरता वाळला आहे की नाही. माय एकदा म्हणाली, "एवढं कशाले व, दाने वाया जातात." बाईने पुढचा दाणा दाताखाली घेतला. खांदे हलताना मी तिला त्यानंतर फार कमी वेळा पाहिलं. आता बाईला जाऊन बरेच पावसाळे झाले. पण कोणी कुठे दाणा चावल्याचा बारीक आवाज झाला, पोहे निवडताना, मुरमुरे खाताना, तर मी हातातलं काम ठेवते.

मग माझी वेळ आली. पुन्हा मंडई, पुन्हा पाहुणे, ते गोंडपिपरीकडचे. या वेळी हार बाई करणार होती. मी नको म्हटलं, काचेच्या मण्यांची पोत घालते म्हटलं. ती म्हणाली, धानकाम करणाऱ्यांच्या पोरीने काचेचे मणी घातले तर लोक हसतील. अंगणात ऊन होतं. ती दाणा दाताखाली दाबायची, कट् असा आवाज आला की बांधायची. समोर बसून मी लाल दोरा सोडवून देत होते. ओळखू आला मला. तोच होता. आणि माझ्या तोंडातून ते निघालं. फडक्याचं, चुलीमागच्या डब्याचं, रोजच्या हबक्याचं, सगळं. तिला हे कोणीच कधी सांगितलं नव्हतं, असं मी धरून चालले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे गुपित फक्त माझ्यापाशी आहे. मी रडत रडत म्हटलं, "बाई, तुह्या हातचं काईच नव्हतं त्याच्यात. माह्या हातचं पाप तुह्या गळ्यात पडलं."

बाईने हातातली गाठ पुरी केली. दोरा दाताने तोडला. ओठातल्या टाचण्या एकेक करून काढून पदराला लावल्या, म्हणजे आता ती बोलणार होती.

"येडे, मले काय मालूम नव्हतं? सकाळीच डबा उघडून पाह्यला होता म्या. कोंबही पाह्यले, ओलं फडकंही पाह्यलं. मायची पोत खुंटीलेच टांगून होती, थे घातली असती तं काई झालंच नसतं. पन तू झोपीतून उठली असती, अन् सगळ्यात पह्यले माह्या गळ्याकडंच पाह्यलं असतं."